चिडाच्या झाडाला सरदारकी

इसवी सनापूर्वी २१९ साली चीनमधल्या एका चिडाच्या झाडाला सरदारकी मिळाली. शीआनजवळ ज्याच्यासाठी मातीचं अख्खं सैन्य पुरून ठेवलं आहे, तो पहिला सम्राट छिन शी ह्वांग शान्तोंग प्रांतातल्या ताइशान डोंगरावर गेला होता. आपण सगळी राज्यं जिंकली, ही बातमी आकाशाच्या कानावर घालायची होती. कानावरच घालायची तर जवळ जाऊन घालावी, म्हणून डोंगर. वाटेत वादळी पाऊस आला, सम्राट एका झाडाखाली उभा राहिला. पाऊस ओसरल्यावर त्याने त्या झाडाला तिथल्या तिथे दरबारी दर्जा देऊन टाकला. छिन राज्यात मानाच्या वीस पायऱ्या होत्या. झाडाला नववी मिळाली. म्हणजे सेनापतीच्या बरोबरीचं नाही, पण शिपायाने अदबीने वागावं इतपत. परीक्षा नाही, मुलाखत नाही, थेट राजपत्रित नेमणूक.

ह्या गोष्टीआधीची गोष्ट मला जास्त आवडते. डोंगरावर जाऊन आकाशाची पूजा करायची रीत काय, हे विचारायला सम्राटाने सत्तर कन्फ्यूशियन पंडित पायथ्याशी गोळा केले. पंडितांनी सांगितलं, पूर्वीचे राजे रथाच्या चाकांना लव्हाळं गुंडाळून वर जात. का, तर डोंगराची माती, दगड, गवत, झाडं दुखावू नयेत. बाकी जमीन झाडायची, गवताची चटई अंथरायची, झाली पूजा. पण सत्तर पंडित म्हटल्यावर सत्तर मतं आलीच. सम्राट कंटाळला, सगळ्यांना बाजूला सारलं, रस्ता काढून घेतला आणि रथ हाकत वर निघाला. मग तो पाऊस आला. सीमा छ्येन ह्या इतिहासकाराने नोंद करून ठेवली आहे, की सम्राट भिजल्याची बातमी खाली पोचली तेव्हा पंडित हसले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासग्रंथात नाराज तज्ज्ञ समितीचं हसू नोंदवलेलं असावं, ह्याला भाग्य लागतं.

ही सगळी हकीकत मला भाच्याने सांगितली. तो शांघायला नोकरी करतो, आणि मामा-मामी येणार म्हटल्यावर त्याने आमच्यासाठी एक तक्ता तयार केला होता. संस्कृती एका रकान्यात, निसर्ग दुसऱ्या रकान्यात. चीनमधली जागतिक वारसा स्थळं साठाच्या घरात आहेत. सगळी बघायची तर निवृत्तीनंतर आणखी एकदा निवृत्त व्हावं लागेल. राजवाडे, भिंती, लेणी हे एका बाजूला. दऱ्या, सरोवरं, पांडांची जंगलं दुसऱ्या बाजूला. ताइशान मात्र दोन्ही रकान्यांत होता. मला वाटलं, नजरचूक. भाचा म्हणाला, "मामा, तो युनेस्कोनेच दोन्हीकडे घातलाय. १९८७ मध्ये, चीनची पहिली नावं यादीत गेली तेव्हाच. मिश्र वारसा."

युनेस्कोचे एकूण दहा निकष आहेत, पैकी ताइशानला सात लागू झाले. संस्कृतीचे सहाच्या सहा आणि निसर्गाचा एक. निकालपत्रकावरूनच डोंगराचा कल कुठे आहे ते कळतं. मला त्या समितीतल्या माणसांची काळजी वाटली. ज्या डोंगरावरचं झाड सरकारी दर्जा घेऊन उभं आहे, त्या झाडाची नोंद वनस्पतीत करायची की आस्थापना विभागात?

आमच्या घरातून प्रवासाला निघणाऱ्यांत आणखी एक तपासणी अधिकारी असतो. ही. हिला राजाचं नाव, घराणं, सनावळ्या यात फारसा रस नसतो. कुठेही गेलं की ती दोनच प्रश्न विचारते: हे कोणी केलं आणि किती घेतलं? आग्र्याला विचारलं, हंपीला विचारलं. वाटाडे चपापतात. त्यांनी पाठ केलेल्या मजकुरात मजुरीचा परिच्छेद नसतो.

बीजिंगहून ताइआनला वेगवान गाडीने दोनेक तासांत पोचता येतं. गाडीबद्दल लिहिण्यासारखं इतकंच, की ती सुटली हे खिडकीबाहेर पाहिल्यावरच कळतं. ताइआन हे डोंगराच्या पायथ्याचं शहर. डोंगराची उंची १५४५ मीटर. हे ऐकल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, कारण आपली कळसूबाई १६४६ मीटर आहे. मी भाच्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "कळसूबाईला किती सम्राट आले?" हल्लीच्या मुलांशी बोलायची सोय राहिलेली नाही.

पायथ्याकडच्या वाटेवर एक दगडी कमान आहे. कन्फ्यूशियस इथून वर चढायला लागला, असं तिच्यावर लिहिलेलं आहे. ताइशानवर गेल्यावर त्याला सगळं जग लहान वाटलं, असं त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियसने नमूद केलं आहे. खाली उतरल्यावर गुडघ्यांना काय वाटलं, हे मात्र एकाही शिष्याने लिहून ठेवलेलं नाही. आणि ताइशानवर तोच खरा विषय आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहा-सात हजार दगडी पायऱ्या. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला डोंगर म्हणजे पायवाट, घसारा, करवंदीची जाळी आणि मधेच "अजून किती?" असं विचारल्यावर "हे काय, आलंच" म्हणणारा धनगर. इथे डोंगरालाच जिना केलेला. वाट चुकायची सोय नाही. पायरी संपली की पायरी.

इ. स. ५६ मध्ये हान घराण्यातला एक सम्राट पूजेला वर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर मा दीबो नावाचा अधिकारी होता. त्याने त्या चढणीचं वर्णन लिहून ठेवलं. चिनी भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या प्रवासवर्णनांत त्याची गणना होते. मागच्याला पुढच्याच्या जोड्याचे तळवे दिसतात आणि पुढच्याने वळून पाहिलं तर मागच्याची टाळू दिसते, इतका चढ उभा, असं तो म्हणतो. आधी दहा-दहा पावलांवर थांबत होतो, मग पाच-सहा पावलांवर थांबायला लागलो, घसा कोरडा पडला, हेही त्याने लपवलं नाही. राजाच्या स्वारीत जाऊन धाप लागल्याचं प्रामाणिकपणे लिहिणारा सरकारी नोकर मला फार जवळचा वाटला. त्याच्या वर्णनात आज बदलायचं झालं तर एवढंच, की तळव्यांवर आता बुटांच्या कंपनीचं नाव वाचता येतं.

गर्दीबद्दल आधीच कबूल करायला हवं, की मला ती आवडली. वारसा स्थळावर आपण एकटे असावं, असं आपल्या मनातलं चित्र असतं. धुकं, एखादा पक्षी, आणि चौकटीत आपण. ताइशानवर ते मिळणार नाही. तिथे नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा असतात, कर्णा लावून सूचना देणारे मार्गदर्शक असतात, एकसारख्या पिवळ्या टोप्या घातलेली कचेरीची सहल असते, हातात काठी घेऊन गंभीरपणे चढणारं पाच वर्षांचं पोर असतं. मधेच ओरडून एकमेकांना धीर देणारे विद्यार्थी असतात. सगळ्यांना धाप लागलेली आणि कोणालाच घाई नाही. पंढरीच्या वाटेवर माणसं चालतात, तशी ही माणसं चढतात. फरक एवढाच, की इथे गाणं फोनमधून वाजतं.

आणि भाड्याने सोबती मिळतो. ही खास अलीकडची गोष्ट. धडधाकट तरुण पोरं पैसे घेऊन तुमच्याबरोबर चढतात, पिशवी घेतात, हात देतात, फोटो काढतात, गप्पा मारतात. कोणाचं मूल दमलं तर त्याला पाठीवरही घेतात. आमच्या पुढेच असा एक सोबती चालला होता. त्याच्या एका खांद्यावर बाईंची गुलाबी पर्स, दुसऱ्या खांद्यावर त्यांच्या मैत्रिणीची, आणि तो दोघींना काहीतरी विनोद सांगत होता.

"किती घेतो रे हा?" ही.

भाच्याने चौकशी केली. दिवसाचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा. सूर्योदय बघायला रात्रभर चढणारे पुष्कळ, म्हणून रात्रीचा जास्त.

"गप्पांचे वेगळे?"

गप्पा दरात धरलेल्या होत्या. हिने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बरोबर चालून, पिशव्या उचलून आणि वर गप्पा फुकट घालूनही आपल्याला काही मिळालं नाही, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

ज्यांना माणसाची सोबत नको, त्यांच्यासाठी यंत्र. कमरेला आणि मांड्यांना बांधायचा एक सांगाडा २०२५ पासून तिथे भाड्याने मिळायला लागला. वजन दोन किलोच्या आत. आपण पाय उचलायचा विचार केला, की तो पुढचं काम करतो म्हणे. एक काका तो बांधून आमच्या बाजूने टकाटक वर गेले. चेहऱ्यावर अत्यंत आश्चर्य, जणू पाय दुसऱ्याचे आहेत आणि आपण त्यांच्यावर बसलो आहोत. वरच्या एका वळणावर ते पुन्हा भेटले. आता ते कठड्यावर बसले होते, यंत्राची बॅटरी उतरली होती आणि बायको त्यांना बोलत होती. भाषा कळत नसली तरी मजकूर कळला.

वाटेवर काकड्या मिळतात. पाण्यात गार करत ठेवलेल्या लांब, सडपातळ काकड्या. जसजसं वर जावं तसतसा भाव चढतो, हे सगळ्या जगातल्या डोंगरांचं अर्थशास्त्र. एका टपरीवरच्या बाईने सोलाणं एकदाच वरून खाली असं ओढलं, की काकडीची साल फितीसारखी खाली लोंबली. चार वेळा हात फिरला आणि काकडी सोलून आमच्या हातात. हिने पर्समधून मीठ-तिखटाची पुडी काढली. ती पुडी हिच्याबरोबर पासपोर्टाच्या आधीपासून प्रवास करते. काकडीच्या फोडीला तिखट लावून हिने ती त्या बाईच्या पुढे केली. बाईने चावलं, डोळे बारीक केले, एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा पुडीकडे. मग भाच्याला काहीतरी विचारलं.

भाचा हसायला लागला. "मामी, ती विचारतेय, पुडी केवढ्याला?"

हिला आयुष्यात प्रथमच कोणीतरी बरोबरीचं भेटलं होतं.

अर्ध्या वाटेच्या आधी, मुख्य वाट सोडून जरा बाजूला गेलं की एका ओढ्याच्या पात्रात सपाट कातळ पसरला आहे. त्यावर वज्रच्छेदिका सूत्र कोरलेलं आहे. सहाव्या शतकातलं काम, एकेक अक्षर हातभर. मूळ ग्रंथ संस्कृत, चिनी अवतार कुमारजीवाचा. कोरलेल्यातली हजारेक अक्षरं आज शिल्लक आहेत. बाकीची पाण्याने, दगड-गोट्यांनी आणि माणसांच्या पायांनी खाल्ली. जगातलं सगळं दवासारखं, विजेसारखं क्षणिक आहे, असं सांगणारा हा ग्रंथ. तो कायमचा राहावा म्हणून कोणीतरी दगडावर कोरला, तोही नेमका ओढ्यात. पाण्याने पुढचं विवेचन केलं. तिथे गर्दी नव्हती. मुख्य वाटेवरून जाणाऱ्यांना माथा गाठायचा असतो, आणि हे सूत्र माथ्याच्या दिशेला नाही.

मधल्या दरवाज्याच्या पुढे ते सरदार झाड येतं. झाड मुळात एक होतं. लोकांच्या तोंडी पुढे त्याची पाच झाली. मूळचं कधीच गेलं. आज आहेत ती खूप नंतर, अठराव्या शतकात लावलेली. पण भोवती कठडा आहे, पाटी आहे, फोटोसाठी रांग आहे. सरदारकी वंशपरंपरेने चालू दिसते. झाडांना मी जरा निरखून पाहिलं. फांद्या आडव्या पसरलेल्या, एखाद्या फांदीला खालून टेकू दिलेला. चेहऱ्यावर दर्जा वगैरे काही नव्हता.

मग अठरा वळणं. नाव वळणांचं असलं तरी ती शिडीच आहे. एक किलोमीटरच्या आत चारशे मीटर चढ, सोळाशेच्या वर पायऱ्या, आणि वर दूर आकाशात दक्षिणेच्या स्वर्गद्वाराची लाल भिंत. मधल्या दरवाज्यापासून रोप-वे आहे. भाचा तीनदा म्हणाला, "मामी, केबल कार घेऊ या." हिने तीनदा नाही म्हटलं. मा दीबोला नव्हती ना, मग आपल्याला कशाला, असं म्हणून मी मोठेपणा घेतला. पण मला कोणी विचारलंच नव्हतं.

ह्या चढावर आम्हाला हमाल दिसला. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना पाण्याच्या बाटल्यांची खोकी. हे लोक सरळ चढत नाहीत. जिन्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत तिरकं जायचं, कडेला वळताना काठी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची, पुन्हा तिरकं. चाल आमच्या दुप्पट लांब पडते आणि ते आपल्या आधी वर पोचतात. फंग जीत्साय ह्या लेखकाचा ह्यांच्यावरचा लेख चीनच्या शाळेच्या पुस्तकात होता. त्यामुळे शहरातून येणारी माणसं हमाल दिसला की धडा आठवून आदराने बाजूला होतात. मी त्याची मान पाहिली. काठी जिथे टेकते तिथे कातडं जाड होऊन उंचवटा आलेला होता आणि त्यावर घडी घातलेला पंचा.

ही ह्या वेळी हळू आवाजात म्हणाली, "ह्याला किती मिळतात?"

भाच्याने विचारलं. वजनावर, असं उत्तर आलं. आकडा त्याने सांगितला नाही, कारण थांबला तर लय मोडते. तो तिरका पुढे गेला. रोप-वे झाल्यापासून ही माणसं कमी होत चालली आहेत, हे भाच्याने नंतर सांगितलं.

स्वर्गद्वारातून आत गेलं की स्वर्ग नसतो, बाजार असतो. शेवया, भाजलेली कणसं, कांद्याची पात गुंडाळलेली पातळ धिरडी, आणि हिरव्या लष्करी कोटांचे ढीग. रात्री वर थांबणाऱ्यांना ते कोट भाड्याने देतात. पहाटेच्या थंडीत सगळा माथा त्या कोटांनी भरून जातो आणि सूर्य उगवताना एखादी पलटण त्याला सलामी द्यायला उभी आहे असं वाटतं, हे भाच्याचं वर्णन. मे महिन्याच्या सुट्ट्यांत वर इतकी गर्दी होते, की लोक सार्वजनिक स्वच्छतागृहात झोपल्याच्या बातम्या येतात. सूर्य खालूनही दिसतो, हे कोणी त्यांना सांगत नाही, आणि सांगू नयेच.

देवांचंही इथे मजेशीर आहे. डोंगराचा अधिकृत देव खाली शहरातल्या मोठ्या देवळात बसतो. राजवाड्यासारखा सभामंडप, मेलेल्यांचा हिशेब ठेवायचं खातं त्याच्याकडे. पण लोक त्याला नमस्कार करून वर येतात ते देवीकडे. बीश्या य्वानच्युन हे तिचं कागदोपत्री नाव, लोक तिला ताइशान आजी म्हणतात. तिच्या देवळाच्या छपरावर साधी कौलं नाहीत, पितळी आणि लोखंडी आहेत, कारण माथ्यावरचा वारा साधी कौलं ठेवत नाही. मुलं व्हावीत, झालेली जगावीत, जगलेली परीक्षेत पास व्हावीत, ही सगळी गाऱ्हाणी आजीकडे. हिशेब आजोबांकडे आणि गाऱ्हाणी आजीकडे, ही व्यवस्था आम्हाला कोणी समजावून द्यावी लागली नाही. हिने उदबत्ती लावली. काय मागितलं ते विचारायचं नसतं.

आजीच्या देवळावरच्या बाजूला एक कडा आहे आणि त्यावर सोनेरी अक्षरं. थांग घराण्यातला सम्राट श्वानत्सुंग ७२५ साली इथे पूजेला आला आणि पुढच्या वर्षी त्याचा लेख ह्या कड्यावर कोरला. हजाराच्या आसपास अक्षरं, चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वरच्या ओळीला हात लागणार नाही. मला मात्र लेखापेक्षा त्या स्वारीतली एक आख्यायिका लक्षात राहिली. पूजेची व्यवस्था प्रधान चांग य्वे याच्याकडे होती. स्वारीतल्या लोकांना एकेक पायरी बढती द्यायची पद्धत. प्रधानाच्या जावयाला मात्र नवव्या श्रेणीतून एकदम पाचवी मिळाली. मेजवानीत सम्राटाने जावयाचे नवे कपडे पाहून विचारलं, हे कसं? जावई गप्प. तेव्हा दरबारातला विदूषक ह्वांग फानचो म्हणाला, "ही ताइशानची कृपा, महाराज." सासऱ्याला चीनमध्ये ताइशान म्हणतात ते तेव्हापासून, असं सांगतात. वशिला सगळीकडेच असतो. पण त्याचं खापर डोंगरावर फोडण्याचा विनय सगळीकडे नसतो.

आकाशाची ही राजपूजा ह्या डोंगरावर शेवटची झाली १००८ साली, सुंग घराण्यातल्या चेन्त्सुंगने केलेली. लढाईत फारसं नाव झालं नव्हतं, म्हणून आकाशाकडून पत्र यायची व्यवस्था झाली. पत्र राजवाड्याच्या दरवाज्यावर लटकलेलं सापडलं. प्रधान वांग दान ह्याला हे पटणार नाही अशी धास्ती होती, म्हणून सम्राटाने त्याला दारूची बरणी भेट पाठवली. घरी जाऊन उघडली तर आत मोती. प्रधानाने नंतर पत्राविषयी काही विचारलं नाही. त्यानंतर कोणाही सम्राटाने ही पूजा केली नाही. बहुधा पत्त्यावर विश्वास राहिला नसावा.

डोंगरावर कड्या-खडकांवरचे लेखच हजाराच्या वर आहेत, दगडी शिळा वेगळ्या. छ्येनलुंग सम्राटाने आयुष्यात चाळीस हजारांवर कविता लिहिल्या. त्यातली एकही कोणाला पाठ नाही असं चिनी लोकच म्हणतात, पण ताइशानच्या कड्यावर त्याची एक कविता लांबून दिसेल एवढी कोरलेली आहे. हे सगळं बघताना मला आपले गड आठवत होते. २०२५ मध्ये तेही वारसा यादीत गेले, आणि कुठल्याही गडाच्या दरवाज्यात उभं राहिलं की बाणाने छेदलेलं हृदय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन नावं दिसतात. आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण ताइशानवर मला एक प्रश्न पडला, की राजाने खिळा घेतला तर शिलालेख आणि पोराने घेतला तर विद्रुपीकरण, ह्यात फरक नेमका कशाचा? अक्षराचा असावा. अक्षर चांगलं असेल तर चिनी माणूस पुष्कळ माफ करतो.

खुद्द पहिल्या सम्राटाने इथे शिळा उभारली होती. पुढे त्याच्या मुलाने त्याच शिळेवर आपला मजकूर जोडला. बापलेकांची मिळून सव्वादोनशेच्या आसपास अक्षरं. आज उरलीत दहा, आणि ती खालच्या देवळात काचेआड ठेवली आहेत. बापाच्या स्तुतीतलं एक अक्षर उरलेलं नाही. उरलेली दहाही मुलाच्या भागातली, आणि त्यातही मुलाचं नाव नाही. आहे तो प्रधानांनी केलेल्या अर्जाचा तुकडा: अमुक सेवक, तमुक सेवक, जिवावर उदार होऊन विनंती करतो. दहा अक्षरांत 'सेवक' तीनदा येतं. त्यातला एक सेवक प्रधान ली स. त्याला ह्याच धन्याच्या कारकिर्दीत ठार मारलं गेलं. विनंती मात्र अजून काचेआड हात जोडून उभी आहे.

माथ्याच्या जरा खाली एका उभ्या दगडावर चार मोठी अक्षरं आहेत, पाच पवित्र डोंगरांत हाच श्रेष्ठ अशा अर्थाची. १९०७ सालचं काम, म्हणजे इथल्या मानाने ओलं. पण पाच युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूला हा दगड छापलेला आहे, त्यामुळे सगळ्यात मोठी रांग इथे. प्रत्येक जण एका हातात नोट धरतो आणि दगडाशी जुळवून फोटो काढतो. क्वेलिनकडे ली नदीच्या काठावर लोक वीस युआनची नोट अशीच धरून उभे असतात. हल्ली तिकडे सगळे पैसे फोनने देतात, नोटा कोणी वापरत नाही. त्यांचा उपयोग आता एवढाच. हिने आपल्या पर्समधली दहाची नोट काढून मागचं कोणार्कचं चाक त्या दगडाशेजारी धरलं. पन्नासाच्या नोटेवर हंपीचा रथ, शंभराच्या नोटेवर राणीची विहीर, हेही रांगेतल्या दोघा-तिघांना दाखवून झालं. दोनशेवरचा सांचीचा स्तूप त्यांना विशेष आवडला, बहुधा ओळखीचा वाटला म्हणून.

आणि अगदी वर, जेड सम्राटाच्या देवळाच्या दाराशी, दोन पुरुष उंचीपेक्षाही मोठी एक शिळा उभी आहे. चौकोनी, वर टोपीसारखा दगड. तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. इतक्या लिहित्या डोंगरावर ही एकच गप्प. कोणी म्हणतात पहिल्या सम्राटाची, कोणी म्हणतात हान घराण्यातल्या वू सम्राटाची. सतराव्या शतकातल्या गू यानवू ह्या चोखंदळ पंडिताने पुरावे तपासून दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. कोरी का ठेवली, ह्याबद्दलही मतं आहेत. आपली थोरवी शब्दांत मावणार नाही असं राजाला वाटलं. किंवा लिहिलेलं होतं ते झिजलं. मजकूर मंजूर व्हायला उशीर झाला असावा, हे माझं मत, चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचं.

भाचा हे सगळे पक्ष नीट मांडून सांगत होता. मामी शिळेभोवती एक फेरी मारून आली. हात लावायला बंदी म्हणून लांबूनच तिने कडा पाहिल्या, बाजू पाहिल्या, वरची टोपी पाहिली.

"घडवलीय मात्र सुरेख," ती म्हणाली. "खालून आणली असेल ना ही एवढी?"

"खालून किंवा इथूनच कुठून तरी."

"मग लिहिलं नाही ते राहू दे. पाथरवटाला पैसे दिले का?"

भाच्याने फोन काढला. बराच वेळ तो एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिला. शिळेची उंची सापडली, रुंदी सापडली, जाडी सापडली, गू यानवूचा युक्तिवाद पूर्ण सापडला.

"मामी, ते कुठे दिलेलं नाही," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," ही म्हणाली, आणि उतरणीच्या पायऱ्यांकडे वळली. रोप-वेची रांग तोपर्यंत आजीच्या देवळापर्यंत आली होती.